बोपोडीचा खड्डा

डॅशबोर्डवर चार फोन, दुहेरी टेपनं चिकटवलेले,
चार कंपन्यांची चार कार्डं.
कंपन्यांची नावं घ्यायची नाहीत, करारात तसं आहे,
म्हणून इलाहीभाईंनी बारशाविनाच नावं ठेवली:
थोरला, धाकटा, जावई आणि सरकारी.

जावई सकाळी जोरात असतो,
दुपारनंतर त्याची मनधरणी करावी लागते.
सरकारी सावकाश उठतो.

माझं काम एवढंच:
स्वारगेटहून निघायचं, ताशी तीसच्या वर जायचं नाही,
पुण्यात हे वेगळं सांगावं लागत नाही,
आणि दर दोन सेकंदांनी मोजायचं
किती येतं, किती जातं,
आणि हाक मारल्यापासून ओ येईपर्यंत किती वेळ लागतो.
याला आमच्यात लेटन्सी म्हणतात.
इलाहीभाई म्हणाले, मग आमच्या घरी ती फार आहे, ताई.

अप्पा बळवंत चौक, सकाळचे अकरा.
वर अभ्यासिकांतून शेकडो पोरं
एकाच मास्तरला दुप्पट वेगानं ऐकतायत.
थोरला एकशे दहावरून नऊवर.
मी नोंद करते: गर्दी.
तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी
फोन गजांबाहेर धरून उभी आहे,
हात अवघडला की हात बदलते.
तिच्यासाठी रकाना नाही.

संचेतीजवळच्या पुलाखाली चौघेही गप्प,
बाहेर आलो की चौघेही एकदम,
बोगद्यातून सुटलेल्या सहलीसारखे.

खडकी संपली, बोपोडीत जेवायला थांबलो.
मोजणी जेवतानाही थांबवायची नसते.
इलाहीभाईंनी डबा उघडलाच नाही.
स्वतःचा फोन काढला, कोपऱ्यात तडकलेला,
त्यावर एक धूसर चौकोन,
चौकोनात एक गोल, फिरणारा.
मस्कतला नात झालीय. सहा दिवसांची.
पोरानं सकाळी व्हिडिओ पाठवलाय, एक्केचाळीस एमबी.
आजचा डेटा तर तुमच्या नकाशानंच खाल्ला.
रात्री बाराला नवा सुरू होतो, तेव्हा बघीन,
म्हणाले, नळाला रात्री पाणी येतं
इतक्या साधेपणानं.

आणि दीड हातावर धाकटा,
सेकंदाला तीनशे बारा,
कुणासाठीच नाही,
एक पोकळ फाइल उतरवत होता, पुसत होता,
उतरवत होता, पुसत होता.

चाचणीचे फोन खासगी वापरासाठी नाहीत.
कलम सात. खाली सही माझी.

मी धाकट्याचा हॉटस्पॉट चालू केला.
पासवर्डचे आठ आकडे एकेक सांगितले,
त्यांनी एकेक दाबले, पाचवा चुकला,
पुन्हा पहिल्यापासून.
गोल थांबला.
एक मूठ. मूठ उघडली. जांभई.
मागे कुणी बाई हसली, बहुधा सून.
इलाहीभाईंनी सहा वेळा पाहिलं,
सातव्यांदा आवाज बंद करून.
मग डबा उघडला
आणि न विचारता अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली.

सोमवारी बाणेरच्या ऑफिसात
भिंतीएवढ्या पडद्यावर धाकट्याची रेघ:
स्वारगेट, शिवाजीनगर, खडकी,
आणि एकदम खाली.
शिरोडेसाहेबांनी लेझरचा लाल ठिपका तिथंच धरला.
बोपोडीत हा खड्डा कसला?
झाडं, मी म्हटलं.
कसली?
वडाची. जुनी आहेत.
त्यांनी लिहून घेतलं.

अहवालाच्या चौदाव्या पानावर आता शिफारस आहे:
बोपोडी, एक नवा टॉवर, पुढच्या तिमाहीत.
इलाहीभाईंना सांगितलं.
ते आरशात बघून हसले,
पायगुण म्हणायचा, ताई,
आणि पहिला गिअर टाकला.
थोरला, धाकटा, जावई जागे झाले.
सरकारी अजून उठत होता.