धुरा नसलेली बाग

निंबाजी कुकडे माघात बाग पाहतो.
फुलं मोजत नाही.
एक फांदी वाकवतो, सोडतो,
किती वेळ हलते ते बघतो,
आणि मोटारघराच्या दारावर कोळशानं लिहितो: सदुसष्ट.
एवढे कॅरेट, कार्तिकात.
चाळीस वर्षांत एका कॅरेटच्या वर चुकला नाही.

कार्तिकात सुलोचना उमप झाडोझाड फिरली.
जवळच्या झाडांची संत्री एकेक,
पुढच्यांची फांदीवरून,
त्याही पुढच्यांची नुसत्या घेरावरून;
एक पायरी दुसरीच्या खांद्यावर.
त्र्याहत्तर.

"पायरी चुकली असन."
"नाही तं फांदी."
पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा दुसऱ्याच बाईनं मोजलं.
चुका कमी होत गेल्या,
फरक मात्र बसून राहिला
हाकलूनही न हलणाऱ्या रोह्यासारखा.

(आकडे मी ओढूनताणून जुळवलेत, कबूल.
सकाळीच अकरावीच्या फळ्यावर लिहिले होते:
विश्व किती वेगानं पसरतं?
त्याच्या बाळपणीच्या उजेडावरून काढलं तर सदुसष्ट,
शेजारच्या ताऱ्यांपासून पायरी पायरी चढत गेलं तर त्र्याहत्तर.
मागच्या बाकावरून तनुजा:
सर, पेपरात कोणतं लिहायचं?)

"मधल्या नऊ महिन्यांत काही तरी झालं," सुलोचना म्हणाली,
"आपुन झोपलो असताना कोणी तरी येऊन गेलं बागेत."
निंबाजी हसला.
"चोर फळं नेते बाई, ठिवून जात नाही."

रात्री मी राखणीला, मचाणावर.
चुडामणीच्या पल्याड रज्जाकभाईची बॅटरी.
दोन सेलची, मला ठाऊक आहे;
इतकी मिणमिणते
म्हणजे तो पार नाल्यापाशी असणार.
पण सेल जुने असले तर?
मधे धुकं असलं तर?
तर तो जवळच आहे,
मीच त्याला उगाच लांब लोटतोय.

शुक्रवारी ट्रक येईल.
वरुडच्या मंडीत कॅरेट उतरतील,
हरलेला चहा पाजेल, अर्धी साखर.

त्या वरच्या बागेला मंडी नाही.
बाहेर उभं राहून पाहावं असा धुराही नाही.
मोजणारा फळातच,
बी असते तसा,
आणि फळ वाढतंच आहे.

बॅटरी विझली.
"कुठं हाय रे?" मी ओरडलो.
"इथंच," अंधारातून,
माझ्या हिशेबापेक्षा
बऱ्याच जवळून.