किती सेकंद ठेवू?

चढ आडवा आला.
पारसिकच्या पायथ्याशी घर, रस्त्यापासून पोर्च दोन हात उंच.
आत उघडणारं दुपाखी गेट जमिनीला घासणार,
बाहेर उघडलं तर समोरच्या पाटकरांच्या स्कूटरला लागणार.
म्हणून सरकतं.

तुर्भ्याच्या वर्कशॉपमध्ये इम्तियाजने
माझ्या तळहातावर लोखंडाचा तुकडा ठेवला,
खाडीकाठी दोन वर्षं टांगलेला.
बोट लावलं तर पापुद्रे सुटले.
‘ताई, बेलापूरला हे असं होतं.
आधी जस्त चढवा, मग रंगाचं बोला.’

लाकडावरून आमचे आठ दिवस गेले.
ह्यांना प्लास्टिक मिसळलेल्या फळ्या आवडल्या,
मला त्यांचा वास आवडला नाही.
वासच नव्हता.
शेवटी सागाच्या पट्ट्या, अरुंद,
मध्ये बोटभर फट:
वारा जाईल, मांजर जाणार नाही.

नाना खुर्चीतून ऐकत होते.
तीस वर्षं न्हावाशेव्याला क्रेनवर,
तीस टनांचा डबा ट्रेलरवर असा टेकवायचे
की ड्रायव्हरचा चहा हिंदकळू नये.
त्यांनी एकच विचारलं, ‘वीज गेली तर?’
चावीने मोटर मोकळी करायची, हाताने ढकलायचं.
‘मग ठीक.’

बसवायला आलेला पोरगा वायरी जोडता जोडता म्हणाला,
आपोआप बंद व्हायला किती सेकंद ठेवू?
कंपनीचे पंधरा असतात.

कुणीच नानांकडे बघितलं नाही.
गुडघ्याला पाच आठवडे झालेले. वॉकर.
मध्ये माणूस आला तर सेन्सर थांबवतो आजोबा,
पोरगा समजूत घालू लागला.
‘मला मध्ये सापडून थांबवून घ्यायचं नाही,’
नाना उठले. ‘मोजा.’

विजेच्या खांबापासून रुळाच्या आतपर्यंत
बावन्न.
पोराने साठ केले.

साठ सेकंदांत बरंच काही आत येतं.
बदामाची पानं, इस्त्रीवाल्याची हाक,
पाटकरांचा बोका, फटीची गरजच न पडता.

दिवाळीत काठी आली, चाळीस झाले.
संक्रांतीला अठ्ठावीस.
नाना म्हणाले, ‘कमी करा आता.
यंत्राला ताटकळत ठेवू नये.’
पोरगा आला, झाकण उघडून तीस करून गेला.

काल मी बाजारातून आले, दोन्ही हातांत पिशव्या.
खांबाशी रिमोट दाबला,
दम लागला म्हणून जरा टेकले,
आणि गेट माझ्यादेखत
अजिबात आवाज न करता
मिटलं.

पोर्चमधून नाना:
‘किती झाले?’