कोठीच्या दारामागे

कवठेमहांकाळच्या फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा
पिशवीत चाळीस रंगीत चित्रं होती,
नोहाचं तारू, सिंहांची गुहा, पाच भाकरी, दोन मासे,
आणि निरोपाच्या प्रार्थनेला पाळकसाहेबांनी ठेवलेला हात
अजून डोक्यावरच होता.

बालगृहाच्या पायरीवर हौसा लसूण सोलत बसलेली.
अकरा वर्षांची. वर न बघताच म्हणाली,
"जाणार कधी?"
म्हटलं, अगं, आत्ताच तर आले.
"हां, पण जाणार कधी? तारीख लागती."

कोठीच्या दारामागे, ज्वारीच्या पोत्यांच्या वर,
कोळशानं लिहिलेलं होतं:
अनुग्रहदादा, ३ मे ते २८ मे.
प्रिस्किलाताई, १ मे ते ९ मे. ताप आला.
जोएलदादा, पूर्ण मे. पत्र पाठवनार.
त्याच्यापुढे बोटभर जागा
मोकळी सोडलेली.

मी नाव सांगितलं.
रणभिसेतला भि पहिला का दुसरा, तिनं विचारलं.
मलाच क्षणभर आठवेना.

बेदाण्याचा हंगाम सरला होता.
शेडांची हिरवी जाळी सुटून फडफडायची,
पोरांच्या खिशात वेचलेले काळपट मणी, मातीसकट.
टँकर आला की गोष्टीचा तास मोडायचा.
तारवाचं चित्र बघून धाकटा शिलास म्हणाला,
"एवढं पाणी? कुणी सोडलं?"
पाच भाकरींची गोष्ट मी रंगात येऊन सांगत होते,
तर लोंढेमावशी चुलीपासून ओरडल्या,
"बावीस पोरं, पंचेचाळीस भाकरी. परात धर आधी!"
दुसऱ्या आठवड्यात माझ्या डोक्यात उवा झाल्या.
हौसानं फणी घेतली, मान खाली दाबली,
आणि डोक्यावरचा तो हात
त्या दिवशी कुठे गेला कळलं नाही.

रात्री कंदिलाभोवती प्रभूची प्रार्थना.
"हे आमच्या स्वर्गातील" इथवर ओबेद सगळ्यांबरोबर यायचा,
"पित्या" आलं की तोंड मिटायचा.
तीन रात्री मी पाहिलं.
त्याचा बाप ऊसतोडीला गेला तो गेलाच,
हे मावशींनी सांगितलेलं.
मी अंधारात रडले. आणि खोटं कशाला बोलू,
रडता रडता साक्षही जुळवली मनात,
जूनच्या पहिल्या रविवारी मंडळीपुढे द्यायची:
कुठे थांबायचं,
कुठे आवाज बारीक करायचा.

चौथ्या रात्री त्याला जवळ घेतलं. म्हटलं,
बाळा, तो शब्द जड जातो का रे?
त्यानं आ केला.
पुढचा दात एका धाग्यावर लोंबत होता.
"प म्हटलं की वारं लागतंय त्याला.
पवित्रलाबी गप्पच असतोय की मी.
तुमी बघितलंच नाय."

दात दोन दिवसांनी पडला, बेदाणा खाताना.
मूठ उघडून म्हणाला, "तुमी फेका, तुमी उंच हाय."
मी पत्र्यावर फेकला. टणटणत खाली आला.
परत फेकला. परत आला.
तिसऱ्यांदा आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो
बराच वेळ.
"ऱ्हायला," तो म्हणाला, आणि खेळायला पळाला.

निघताना हौसानं कोळसा घेतला.
"पत्राचं लिहू पुढं?"
म्हटलं, नको. आलं तर लिही.
तिनं मान हलवली, जशी दुकानदार हलवतो
उधारी न मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे.

जूनच्या पहिल्या रविवारी मी उभी राहिले.
म्हणाले, तिथे पाणी टँकरनं येतं.
एका मुलाचा दात पडला.
पुढचं काही सुचेना, बसले.
मागून कुणीतरी उगाच आमेन म्हणालं.

पत्र टाकलं तेव्हा ऑगस्ट उजाडला होता.
ओबेदला विचारलं, नवा दात सरळ आलाय का.
चित्रं तिथेच राहू दे म्हटलं, उंदरांपासून जपा.
आणि हौसाला वेगळी ओळ:
रणभिसेतला भि
पहिला.