तुटक रेघ

ऑडिटला पाहुणा आला त्या दिवशी
हत्तरगीच्या शेडमध्ये एसी सोळावर होता
आणि कूलंटचा वास कुणीतरी फिनेलनं झाकला होता.

पांढऱ्या पडद्यावर त्यानं कंपनी उघडून दाखवली.
सगळ्यात वर एक पेटी, एकटीच.
तिच्या पोटी तीन:
प्रवासी विमानं,
हेलिकॉप्टरं,
आणि तिसरीत संरक्षण नि अंतराळ एका दावणीला,
बाँब नेणारं आणि पावसाचा अंदाज सांगणारं
एकाच गव्हाणीत तोंड घालून.
प्रत्येक पेटीला तिचा साहेब, तिचा ताळेबंद,
तिची वेगळी नदी असलेलं शहर.

दस्तगीर मुल्ला बर काढतो,
म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेला राहिलेली कुसळं
बोटानं हुडकतो आणि घासतो.
त्यानं हात वर केला.
"ह्यात आमी कुठं हाव?"

दुभाषी पोर जरा थांबली, मग तिनं विचारलं.
पाहुण्यानं लेझरचा लाल ठिपका
पेट्यांवरून खाली, खाली, पार तळाशी नेला.
तिथं पेटी नव्हती.
एक तुटक रेघ होती, आणि बारीक अक्षरात: पुरवठादार.

तुटक रेघ आमच्या ओळखीची.
चौथीच्या भूगोलात हद्द अशीच काढायचो,
डॅश, ठिपका, डॅश,
शिसं मोडेपर्यंत.
बिजगर्णीकर मास्तर म्हणायचे,
हळू, हात फिरवू नका तिच्यावर,
ती अजून वाळायची आहे.

मी मोजते.
वीस अंशांच्या खोलीत, टोपी घालून,
माणकाचा एवढासा मणी धातूला टेकवते
आणि पडद्यावर आकडा उमटायची वाट बघते.
तळहाताएवढं ब्रॅकेट, वजन दोन लिंबांचं.
ड्रॉइंगवर सगळं असतं,
छिद्राचा व्यास, कोपऱ्याची गोलाई, कोण कधी तपासलं,
फक्त ते कशाला जोडायचं तेवढं नसतं.
झोपलेल्या प्रवाशाच्या खुर्चीखाली?
की पंखाखाली, जिथं काहीतरी टांगतात
आणि मग सोडतात?

प्लॅनिंगच्या इराण्णाला विचारलं, हा कुठल्या पेटीतला?
"यारिगे गोत्तु, अक्का."
कुणाला ठाऊक, हे कानडीत म्हटलं
की जास्त खरं वाटतं.

मला माझाही विभाग धड सांगता येत नाही.
शाळेचा दाखला मराठी, रेशनकार्ड कानडी,
मशीनवरच्या सूचना जर्मन,
त्या आम्ही रंगावरून ओळखतो.

गुरुवारी एक नग नऊ मायक्रॉननं हुकला.
केसाच्या जाडीचे आठ भाग करा,
त्यातल्या एकाएवढा.
अशा नगाला लाल रंग फासतात,
मग प्रेसखाली घालून वाकवतात,
उगाच कुणी चोरबाजारात विमान बांधू नये म्हणून.
दस्तगीर म्हणाला, दे मला, पोरीच्या वह्यांवर ठेवायला.
नियमात बसत नाही, मी म्हटलं.
तो हसला. "हा एकच तर आपला.
बाकीची समदी गेली तिकडं."

फॉर्मवर एक रकाना होता: विभाग.
रिकामा सोडला की संगणक पुढं जात नाही.
मी टाइप केलं, डॅश, ठिपका, डॅश.
त्यानं मुकाट घेतलं.

रविवारी संकेश्वरात आई गच्चीवर मिरच्या उलथत होती.
सांबऱ्याकडनं एक विमान वर चढत गेलं,
आधी आवाज गेला, मग ते.
पदरानं डोळे झाकून तिनं वर बघितलं.
"तुझं हाय काय गं त्येच्यात?"

शेपटीवरचं काही वाचता आलं नाही.
असंल, म्हटलं.
आणि खाट लागला,
दोघीही कितीतरी वेळ शिंकत राहिलो.