डावा आरसा

बुकिंगची पावती तीन वर्षं तांदळाच्या डब्यात होती,
म्हणून शोरूमच्या काउंटरवर ती उलगडली तेव्हा
थोडी बोरिक पावडर सांडली.

पहिल्या घडणीची, चपट्या तोंडाची मारुती
आमच्या रामबागेत फक्त डॉक्टर वैशंपायनांकडे.
आमची त्यानंतरची, कडा जरा घासून गोल केलेली,
पांढरी. दुसरा रंग हवा तर आणखी थांबा म्हणाले.
तीन सिलिंडर, चार गिअर, बारा इंची चाकं,
बाबा वीज मंडळातले, आकडे त्यांना पाठ.
सातशे शहाण्णव सीसी. "लोक आठशे म्हणतात,"
ते सांगत, "वरचे चार आपण सोडून द्यायचे."

पौषात चोक ओढायचा आणि मनात वीस मोजायचे.
डिकीत स्टेपनी आणि एक पिशवी.
दुसरी पिशवी आली तर ती एका मुलाच्या मांडीवर.
तो मुलगा मी.

आरसा एकच, उजवीकडे.
डावा हवा तर वेगळे पैसे.
सियागंजात मुर्तझाभाईंनी फडक्यानं पुसून समोर ठेवला,
"लगवा लो साहब, एक सौ चालीस."
बाबा हसले.
"घरात आहे एक."

आणि खरंच, सोळा वर्षं आई आमचा डावा आरसा होती.
कोपर खिडकीत, मान बाहेर, पदर खोचलेला.
सायकल आहे. जाऊ दे. गाय. आता घे.
टेम्पो, थांबणारच हा मेला, थांब.
भेरूघाटात समोरून ट्रक आला की
चाक आणि दरी यांच्यामधलं अंतर
ती वितीत सांगायची.
दोन वीत. दीड.
बस, आता विचारूच नकोस.

पुढे पाच गिअरची आली, चोक नसलेली आली,
मग आल्टो, मग आल्टोच्याही धाकट्या.
गल्लीत दर दारासमोर वेगळ्या वयाची एकेक उभी,
नाक एकाच घराण्याचं, कुणाचं जरा फुगलेलं.
कुणाकडे काच बटणानं खाली जायची,
आम्ही ती बघायला जायचो.
बाबांनी आमची बदलली नाही. "चालते आहे ना?"

चोपन्नाव्या वर्षी आई गाडी शिकली.
कुणाला न सांगता, सकाळी सहाला, नेहरू स्टेडियमभोवती.
शिकवणारी मुलगी राऊची, आईहून तीस वर्षांनी लहान,
"आंटी, क्लच, क्लच, अरे क्लच!"
लायसन्स हातात आलं त्याच दुपारी
ती एकटी मुर्तझाभाईंकडे गेली.
एकशे चाळीसचा तोवर दोनशे दहा झाला होता.
तिनं घासाघीस केली नाही.

रविवारी बाबांना डावीकडे बसवलं.
पलासियाला वळण्याआधी विचारलं, "डावीकडे कोण?"
बाबा समोर बघत होते,
सोळा वर्षं बघत आले तसेच.
"कोणी नाही. घे."
आईनं घेतली नाही. तिनं आरशात बघितलं होतं.
चार कॅन लटकवलेला दूधवाला
बाबांच्या कोपराला जवळजवळ घासून गेला.
"हा कुठून आला?"
"इकडूनच येतात सगळे," आई म्हणाली,
आणि दुसरा गिअर टाकला.

गाडी देपालपूरच्या एका मुलाला गेली, बावीस हजारांत.
किल्ली देण्याआधी आई पेचकस घेऊन आली.
मुलगा म्हणाला, "आंटीजी, ये तो गाडी का है."
"हा कंपनीचा नव्हता," आई म्हणाली, मराठीतच,
आणि दोन्ही स्क्रू पदरात बांधले.

आता तो बेसिनपाशी आहे, खिळ्याला सुतळीनं बांधलेला.
बाबा त्यात दाढी करतात.
त्यात चेहरा लहान दिसतो, म्हणून मागचं बरंच मावतं,
वाळत घातलेले टॉवेल, दार, दारातली आई.
"साबण राहिलाय," ती म्हणते.
"कुठे?"
"डावीकडे."
बाबा उजवा गाल पुसतात.