बारावा दगड

ठाण्याच्या दफ्तरात एवढीच ओळ :
‘कातकऱ्यांचा दंगा. चार ठार. जंगल मोकळे.’
येऊरच्या पाड्यावर रंजना मुकणेनं
झेरॉक्स वाचून दाखवली.
चांगी हिलम म्हणाली, पुन्हा वाच.

मग ओटीतले दगड
मांडू लागली सारवलेल्या भुईवर.
खैराच्या भट्टीपाशी पाच.
ओढ्यावर, वाकून पाणी पिताना, दोघं.
ठमी पोटुशी होती, तिचे दोन धर.
हे दोन… नावं गेली यांची.

‘अकरा,’ रंजनानं वहीत लिहिलं.

म्हातारीची मूठ मिटलेलीच.
खाली घोडबंदरचे दिवे लागत गेले.

‘हा बारावा. मेला नाही हा.
पलटणीला वाट यानंच दाखवली,
शेरभर मिठापायी.
आमच्याच घरचा. माझ्या आज्याचा आजा.
लिही.’