शिफारसपत्र

रात्रीचे सव्वादहा. मुदत बारापर्यंत.
डुलूथच्या या टेकडीवर वारा
खिडकीला खांदा लावून उभा आहे,
खाली सरोवर गोठत चाललंय, काठाकडून आत,
आणि मी, इर्मा कंगास, अतिदक्षता विभागाची
रात्रपाळीची प्रमुख, दोन बोटांनी टंकते आहे
डेलफीन बोशेबद्दल.

भूल देणाऱ्या परिचारिकांचा अभ्यासक्रम.
जागा सव्वीस. अर्ज किती
ते तिने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

'उमेदवाराला किती काळ ओळखता?'
सहा वर्षं, लिहिलं.
रात्रींमध्ये विचारलं असतं
तर मोजत बसावं लागलं असतं.

'ताणाखाली वर्तन':
वरचे दोन टक्के, पाच, दहा,
की 'सांगता येत नाही'.
जानेवारीत एकदा व्हेंटिलेटर मध्येच मुका झाला.
दुसरा येईपर्यंत एकोणीस मिनिटं
तिने हाताने श्वास दिला एका म्हाताऱ्या खलाशाला.
पिशवी दाबायची, सोडायची,
आणि त्या सोडण्याच्या फटीत
मला सांगायचं, कुठला पंप संपत आलाय.
दोन टक्के. खूण केली.
मग आठवलं, हीच खूण गेल्या वर्षी
मी ऑडनसाठी केली होती, त्याच्या आईची भीड पडून.
एकदा शब्द स्वस्त केले
की गरजेच्या वेळी ते बद्द वाजतात.

खलाशी वाचला. त्याचं श्रवणयंत्र मात्र
चादरींबरोबर धुण्यात गेलं.
पाळी संपल्यावर डेलफीन तळघरात उतरली,
अठरा गाठोडी होती, हातमोजे चढवून
एकेक चादर झटकत राहिली.
सतराव्यात सापडलं.
हे कुठे लिहू?
'संघभावना'? 'संशोधनाची आवड'?

'उमेदवाराच्या मर्यादा, प्रामाणिकपणे.'
एकोणिसाव्या वर्षी रसायनशास्त्रात काठावर पास.
त्या वर्षी आईचं डायलिसिस, आठवड्यात तीनदा,
क्लोकेहून इथवर गाडी हीच चालवायची.
एकतिसाव्या वर्षी तोच विषय पुन्हा घेतला,
पार्किंगमध्ये, हीटर बंद ठेवून
(पेट्रोल वाचतं म्हणे),
स्टिअरिंगवर वही टेकवून.
हे तिने तिच्या निबंधात लिहिलेलं नाही.
मी लिहावं का? पुसलं. पुन्हा लिहिलं.

आणखी एक मर्यादा:
गेलेल्या माणसाला पुसून काढतानाही
ती म्हणते, 'जरा कूस वळवते हं.'
नव्या मुली हसतात.
आता त्याही म्हणतात.

पावणेबारा.
एक गोष्ट या अर्जात कुणी विचारत नाही:
शिफारस करणाऱ्याचं काय जातं?
हिला घेतलंत तर ऑगस्टपासून
माझ्या तक्त्यात शनिवार-रविवार रिकामे.
हात राखून लिहिलं असतं थोडं,
'चांगली आहे' एवढंच, तर कुणाला कळलं असतं?
सत्त्याण्णव साली माझ्यासाठी कुणीतरी
असंच लिहिलं असेल, असं मला
बरीच वर्षं वाटत होतं.
खरं म्हणजे माझे गुणच कमी होते.
पातळ पाकीट आलं, एका कागदाचं;
मी ते भट्टीत टाकलं
आणि त्याच रात्री कामावर गेले.

बाराला चार मिनिटं. 'पाठवा' दाबलं.
पडद्यावर आलं: धन्यवाद, आता ही खिडकी बंद करू शकता.

केली.
खऱ्या खिडकीतून बंदराचा दिवा दिसत होता,
हंगामातलं शेवटचं जहाज लोखंडाची माती भरून
पुलाखालून निघायच्या तयारीत.
मी ऑगस्टचा तक्ता काढला
आणि शनिवारच्या घरात तिचं नाव लिहिलं,
पेन्सिलीने, फार न दाबता.